ढोलकी थांबायची ती जागा

आमच्या वडगावात 'माझी मैना' ढोलकीवर अखेरपर्यंत कधी वाजली नाही. शाहीर ती पूर्ण गायचे, झीलकरी शेवटपर्यंत सूर धरायचे, डफ आणि तुणतुणं चालूच असायचं. पण एका ठरावीक जागेवर ढोलकीवाला दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायचा. कधी कानावरची बिडी काढून पेटवायचा. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, की पुढच्या लावणीला ढोलकी पुन्हा कडाडायची. आम्हा पोरांना त्याचं काहीच वाटत नसे. हे गाणं असंच असतं, अशी आमची समजूत.

ढोलकीवाले म्हणजे आमच्या घराला लागून राहणारे मामा. नात्याने कोणीच नव्हेत. त्यांच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी, आणि मधली भिंत इतकी पातळ की दोन्हीकडची भांडणं दोन्ही भाषांत पाठ. वडगाव, खासबाग, शहापूर हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा. आवाज चढवल्याशिवाय बोलणं ऐकू जात नसे, त्यामुळे आमच्या भागातली माणसं परगावी गेली की लोकांना उगाचच भांडखोर वाटतात. मामांचे दोन माग होते. शाळा सुटली की मी तिथे कांड्या भरायला बसायचो आणि मामी शेंगा-गूळ हातावर ठेवायच्या. या घराचं माझ्यावर जे ऋण आहे त्याचा हिशेब मांडायचा तर सुरुवात त्या शेंगांपासून करावी लागेल.

मामा तरुणपणी मुंबईला गेलेले. लालबागच्या एका गिरणीत आधी बदली, मग कायम. एका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळीपाळीने झोपायचं, खाणावळीत जेवायचं. मामी इकडे वडगावात सासू-सासऱ्यांपाशी. गणपतीला नाहीतर मंगाईच्या जत्रेला येणं व्हायचं, तेही रजा मिळाली तर. ढोलकी ते तिकडेच शिकले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे. पाळी संपली की मामा तिथे जाऊन बसायचे, आणि फडातल्या एका ढोलकीवाल्याने त्यांना हात घालून दिला. 'माझी मैना' मात्र त्यांनी पहिल्यांदा ऐकली ती गिरणीच्या गेटवरच्या सभेत. "रातभर झोप नाही आलं बघ," ते सांगायचे. "कोण हे माणूस, माझ्या घरात येऊन बघून गेलं की काय, असं झालं."

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. गिरणी आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत मामा थांबले, आणि शेवटी एक ट्रंक, एक वळकटी आणि ढोलकी घेऊन वडगावला परतले. आमच्या गल्लीतल्या शाहिरांना तेव्हा ढोलकीवाला हवाच होता. त्यांचं सगळं आयुष्य सीमाप्रश्नावर पोवाडे रचण्यात गेलेलं. पुढे वीसेक वर्षं हे दोघे एका घोंगडीवर बसले.

'माझी मैना' न ऐकलेला मराठी माणूस सापडणार नाही. सबंध ऐकलेला मात्र शोधावा लागेल. अण्णाभाऊ साठ्यांची ही छक्कड. अण्णाभाऊ वाटेगावचे, पोरवयात आईबापांबरोबर चालत मुंबईला आलेले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजाने सभा पेटायच्या. ही छक्कड त्याच काळाची. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने तळमळतो, इथून सुरुवात. तिचं रूप, तिचा रुसवा, तिला दागिन्यांनी मढवायची त्याची स्वप्नं. मग मुंबई: श्रीमंती आणि बेकारांची गर्दी. मग लढा: परळ, लालबाग, फाउंटन. त्यात मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांना थेट लंकेच्या रांगेत नेऊन बसवलंय. आणि मुंबई हाती आल्यावर, अगदी अखेरीस, गडी पुन्हा मैनेकडे वळतो आणि तिच्या विरहातच त्याला तुटलेला महाराष्ट्र दिसतो. तिथे चार नावं येतात: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. यांच्यावर दुसऱ्याची मालकी, अशी शाहिराची तक्रार.

मामांचा हात थांबायचा तो इथे.

हे गाणं म्हातारं कसं होतंय हे मी आयुष्यभर बघत आलोय, आणि ते सगळीकडून सारखं म्हातारं होत नाही. मोरारजी कळतात, पण स. का. पाटील कोण हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले आणि तिकडची ठिणगी विझली. आज त्या दोन नावांवर कुणी मान वर करत नाही. कारवारचं नाव आलं की मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला मासे आठवतात. पण बेळगाव म्हटलं की आजही सभागृहात हालचाल होते. याचं श्रेय अर्धं अण्णाभाऊंचं, अर्धं न सुटलेल्या कज्ज्याचं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. 1967 मध्ये महाजन आयोगाने अहवाल दिला: 264 गावं महाराष्ट्राला, 247 गावं म्हैसूरला, बेळगाव शहर आहे तिथेच. महाराष्ट्राने तो फेटाळला. 2004 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 2022 मध्ये पुन्हा दोन्हीकडच्या गाड्यांना काळं फासलं गेलं, महाराष्ट्राच्या विधिमंडळात 865 गावांवर हक्क सांगणारा ठराव झाला. दावा चालू आहे तोवर गाणं चालू आहे. निषेधाच्या गाण्याला लाभणारं हे दीर्घायुष्य गाणाऱ्याने मागितलेलं नसतं, आणि ते लाभलं म्हणून आनंद मानावा की खेद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या गावाचा आणखी एक विचित्रपणा सांगायला हवा. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. त्या अधिवेशनात हुयिलगोळ नारायणराव यांचं कन्नड नाडूच्या उदयाचं गीत गायलं गेलं. लहानग्या गंगूबाई हनगलही त्या मंडपात गायल्या. त्याच दिवसांत, त्याच गावात, कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली. आणि मे 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेही बेळगावातच. म्हणजे कन्नड एकीकरणाची हाक आणि मराठी एकीकरणाची हाक, दोन्ही आमच्याच गावातून निघाल्या, आणि दोघींनाही वाटलं की आपण आपल्या घरात उभ्या राहून बोलतोय. शाळेत आम्हाला दुसरी गोष्ट शिकवली. पहिली मला मामांनी सांगितली, तीही धोटा हातात धरून. मागावर असताना ते नारायणरावांचं कन्नड गीत गुणगुणायचे आणि त्यातूनच कधी मैनेवर यायचे. दोन्ही चाली त्यांच्या मागाच्या ठेक्यात बसायच्या.

ढोलकी का थांबवता, हे मी त्यांना एकदाच विचारलं. आठवी-नववीत असेन. ते कांडीचा धागा दातांनी तोडत होते. हसले.

"गाणं काय म्हणतंय? बेळगाव दुसऱ्याच्या हातात गेलंय म्हणतंय की नाही? दुसरा म्हणजे कोण?"

मी गप्प.

"मीच की! माझ्याच ढोलकीवर मलाच हाकलायचं? आणि ठेका मी द्यायचा?" एवढं बोलून ते मामींना कन्नडमध्ये चहा सांगायला वळले.

मी या वाक्याचा ऋणी आहे. गाण्यातल्या 'दुसऱ्या'ला चेहरा असतो आणि तो आपल्या भिंतीपलीकडे राहतो, हे कळायला मला पुस्तकं वाचावी लागली नाहीत. पण मामांचं देणं एवढंच असतं तर त्यांना मी भला माणूस म्हणून मोकळा झालो असतो. 1986 साली जे झालं त्याने ते अधिक अवघड करून ठेवलं.

त्या वर्षीच्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरोधात आंदोलन पेटलं. महाराष्ट्रातले पुढारी वेष बदलून शहरात शिरले, लाठ्या चालल्या, गोळीबार झाला, माणसं मेली. माझा थोरला भाऊ तेव्हा कॉलेजात. त्यालाही उचललं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कन्नड जेमतेम बाजारापुरतं यायचं, आणि पोलीस ठाण्यात त्या दिवसांत मराठी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. मामांनी माग बंद केले, धुतलेलं धोतर नेसले आणि अप्पांना घेऊन निघाले. दादा आत होता तोवर रोज ते डबा घेऊन जात राहिले. ठाण्यात त्यांनी काय सांगितलं ते अप्पांनी नंतर शंभरदा ऐकवलंय, कारण तेवढं कन्नड त्यांना कळलं होतं: पोरगं मूर्ख आहे साहेब, पण आमच्या गल्लीतलं आहे. कन्नड सक्तीच्या विरोधात घोषणा देणाऱ्या पोराची कन्नडमधून रदबदली. अप्पांना यात हसावं की रडावं कळत नसे. मामांना मात्र त्यात काही विशेष वाटलेलं नव्हतं. दादा सुटून आल्यावर त्यांनी त्याला आमच्याच ओट्यावर बसवून असं झापलं, दोन्ही भाषांत, की आई मध्ये पडली.

पुढच्या 17 जानेवारीला दादाने ढोलकीचा विषय काढला. 1956 मध्ये त्या तारखेला बेळगावात गोळीबार झाला होता. दरवर्षी तो हुतात्मा दिन पाळतात. शाहिरांचा कार्यक्रम ठरलेला, पण त्या दिवशी मामा कधीच साथीला बसत नसत. गणपतीत बसत, जत्रेत बसत. 17 जानेवारीला आणि 1 नोव्हेंबरला नाही. 1 नोव्हेंबर तर आमच्याकडे भलताच दिवस. एका रस्त्याने लाल-पिवळ्या झेंड्यांची राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या रस्त्याने काळे कपडे घातलेल्यांची सायकल फेरी. मामा दोन्हीत नसायचे. राज्योत्सवाच्या मिरवणुकीला गेल्याचंही मला आठवत नाही. त्या दिवशी ते मागाला तेल घालत बसायचे.

दादा म्हणाला, "मामा, यंदा बसा. आणि मैना पुरती वाजवा. माझ्यासाठी."

"नाही जमत."

"तुरुंगात डबा आणलात, आणि एवढं नाही करत?"

"डबा तू उपाशी होतास म्हणून आणला. आता उपाशी हाईस काय?"

दादा तिरीमिरीत उठून गेला. त्यानंतर कित्येक महिने तो त्यांच्याशी मोजकंच बोलायचा. अप्पांना वाटे मामांनी थोडं नमतं घ्यायला हवं होतं. आईला वाटे दादाने मागायलाच नको होतं. आमच्या घरात या एका ढोलकीवरून दोन तट पडले, ते आजही पुरते मिटलेले नाहीत. मराठी विरुद्ध कन्नड अशी सरळ रेघ ओढणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं की त्या गाण्याने पाडलेली सर्वांत खोल भेग मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिली आहे, आणि तिथे सगळेच मराठी होते.

शाहिरांनी या सगळ्यात जे केलं त्याला तोड नाही. ते सीमालढ्याचे कट्टर, महाराष्ट्राचं नाव निघालं की डोळ्यांत पाणी येणारे. पण ढोलकीवाला बदला म्हणून लोक मागे लागले तेव्हा म्हणाले, "पैसे दिले की काहीही वाजवणारे गल्लोगल्ली आहेत. हा मनात नसलेलं वाजवत नाही. असल्या माणसाला घालवून मी कुणाची साथ घेऊ?" आणि त्यांनी त्या थांबण्याचाही उपयोग करून घेतला, पक्के फडकरी होते. ढोलकी बंद पडली की ते लय उतरवायचे, डफावर फक्त बोटं ठेवायचे आणि ती चारही नावं सावकाश घ्यायचे. ढोलकीच्या गदारोळात न ऐकू येणारा शब्दन् शब्द त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत जायचा.

एका वर्षी मंगाईच्या जत्रेत कोल्हापूरहून कोणी लोककलेचे जाणकार आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते शाहिरांच्या पाया पडायच्या बेतात. काय कल्पना आहे, म्हणाले, तुटलेल्या महाराष्ट्राचं नाव आलं आणि ढोलकीच तोडलीत! शाहीर गंभीरपणे मान डोलावत राहिले. मामा शेजारीच ढोलकीला खोळ घालत होते. पाहुणे त्यांच्याकडे वळून म्हणाले, तुम्हालाही सलाम, ती शांतता तुम्ही काय धरलीत. मामांनी हात जोडले. पाहुण्यांची गाडी हलली आणि हे दोघे म्हातारे घोंगडीवर लोळून हसले. पुढे शाहिरांनी ही गोष्ट सांगताना नेहमी जोडलेलं वाक्य असं: "नकाराला दाद मिळालेला जगातला पहिला ढोलकीवाला आमच्याकडे आहे."

मला त्या पाहुण्यांना हसावंसं वाटत नाही. त्यांनी जे ऐकलं तेही तिथे होतंच. एकाच थांबलेल्या हातात एकाला आपला शोक ऐकू आला, दुसऱ्याला आपला अपमान, आणि तो हात ज्याचा त्याला तिसरंच काही म्हणायचं होतं.

नोकरीसाठी मी पुण्याला आलो तेव्हा हे गाणं मला नव्याने भेटलं. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात गायक रंगात आलेला, मैनेच्या वर्णनावर शिट्ट्या, फाउंटनवर टाळ्या, आणि तिथेच आवरतं घेतलं. शेवटचा भाग गाळलेला. नंतर असं अनेकदा पाहिलं. वेळ नसतो, लोकांना तेवढंच हवं असतं, आणि खरं सांगायचं तर इथे बेळगाव हा भाषणातला विषय आहे. बेळगावात टाळ्या शेवटी पडतात. पुण्या-मुंबईत गाणं शेवटापर्यंत पोचतच नाही. मामाही शेवट वाजवत नसत आणि हेही वाजवत नाहीत, पण मामांना तो बोचायचा म्हणून, यांना आठवत नाही म्हणून.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की आम्ही सीमाभागातली माणसं हे गाणं गाताना स्वतःला तो मुंबईचा गडी समजतो. छाती काढून गातो. वास्तविक त्या गाण्यात आमची जागा मैनेची आहे. मागे राहिलेली, वाट बघणारी, जिच्याबद्दल दुसराच कोणी मुंबईत उभा राहून बोलतोय. आणि मैना त्या सबंध गाण्यात तोंड उघडत नाही. तिला जायचंय का, तिचं तिथे कुणाशी काय नातं जडलंय, तिच्या शेजारी कोण राहतं, हे तिला विचारलेलं नाही. विरहाच्या गाण्याने ते विचारावं अशी माझी मागणी नाही. पण मी मामींना ओळखत होतो. मामा लालबागला असतानाची सगळी वर्षं त्यांनी वडगावात काढली, सासू-सासरे सांभाळले, कांड्या भरल्या. मामांची ढोलकी ऐकायला त्या कधी आल्या नाहीत. आईने एकदा जत्रेत ओढून न्यायचा प्रयत्न केला तर म्हणाल्या, "मला कशाला ऐकवतात? मला ठाऊक नाही होय, किती काहिली झालती ते?" आणि भाकरी उलटली.

एक तट राहिलाच. माझा एक वर्गमित्र मातंग वस्तीतला. 1 ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती, त्या दिवशी त्यांच्या वस्तीत सकाळपासून हेच गाणं कर्ण्यावर. हुतात्मा दिनाला मात्र तो यायचा नाही. कारण विचारल्यावर म्हणाला, "तुमच्या स्टेजवर अमर शेखांचं नाव घेतात, लढ्याचं घेतात. लिहिणाऱ्याचं घेतात काय? आणि सीमेचं दुःख मला नका सांगू. तुमची सीमा आत्ताची. आमचा वाडा गावाच्या शिवेबाहेर कधीपासून हाय." शाहिरांच्या कानावर मी हे घातलं. त्यानंतर गाण्याआधी ते अण्णाभाऊंचं नाव, गाव आणि जात मोठ्याने सांगू लागले, आणि जात सांगितल्यावर पुढच्या रांगेतले काही चेहरे कसे आखडतात हे मी मागून पाहत आलो. एकाच गाण्याला सीमेपलीकडचा श्रोता वेगळा, भिंतीपलीकडचा वेगळा आणि शिवेपलीकडचा वेगळा.

शाहीर गेले तेव्हा गल्लीतच शोकसभा झाली. शहराचं अधिकृत नाव तोवर बेळगावी झालं होतं, आणि मामांचे माग भंगारात गेले होते. एका तरुण गायकाने मैना म्हणायला घेतली, मामांनी ढोलकी मांडीवर घेतली. लोकांना वाटलं, आज तरी. भाषणांत तसं सुचवूनही झालं होतं: मित्रासाठी, एकदा. मामा नेहमीच्या जागी थांबले. पण गायकाने मागे इलेक्ट्रॉनिक पॅडवर ठेका लावून ठेवला होता, तो चालूच राहिला. मामांनी वळून त्या पॅडकडे पाहिलं आणि आपल्या ढोलकीकडे पाहिलं. "बरं झालं," एवढंच ते नंतर मला म्हणाले. "आता कुणाला विचारायची गरजच नाही."

मामाही आता नाहीत. त्यांचा नातू कन्नड संघटनेत आहे, राज्योत्सवाला त्याचाच डीजे असतो. माझा पुतण्या, दादाचाच मुलगा, काळ्या दिनाच्या, म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सायकल फेरीत पहिल्या फळीत. दोघे एका वर्गात शिकलेले, एकाच कंपनीत कामाला जातात. गेल्या वर्षी शोकसभेचा कुणीतरी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ फिरू लागला. पुतण्याने त्याचा पहिला भाग टाकला, कन्नड माणूसही सीमालढ्याचं गाणं वाजवत होता असा मजकूर लिहून. नातवाच्या मित्रांनी दुसरा भाग टाकला, मांडीवर हात ठेवून बसलेले मामा, आणि आमच्या आजोबांनी त्यांच्या लढ्याला कधीच ठेका दिला नाही असं लिहून. दोघांनी कापलं ते एकाच जागी.

म्हणून मी दोघांनाही सविस्तर लिहिलं. मामा लढ्याला ठेका देत होते. परळ-लालबागला त्यांचा हात चढायचा आणि फाउंटनवर तर सगळ्यात जोरात पडायचा, कारण ते स्वतः त्या गिरणगावचे होते आणि ते भांडण त्यांनी आपलं मानलं होतं. मुंबई मिळाल्यावर ते एक तिहाई घ्यायचे, समेवर यायचे, आणि मग थांबायचे. मध्येच हात काढला असं कधी झालं नाही. पुढचं कडवं त्यांनी आयुष्यात कधी वाजवलं नाही आणि मला माहीत आहे तेवढ्यापुरतं तरी, ते गाऊ नका असंही कधी कुणाला म्हणाले नाहीत. यातलं अर्धंच सांगायचं असेल तर दोघांनीही काही सांगू नये.

नातवाचा फोन आला. आजोबा तिथे तिहाई घ्यायचे हे त्याला ठाऊक नव्हतं, व्हिडिओत ती पॅडखाली दबली आहे. बोल आठवतात का, त्याने मराठीत विचारलं. मी टेबलावर बोटं वाजवून ते दोन-तीनदा म्हणून दाखवले. त्याने रेकॉर्ड करून घेतले. यंदाच्या मिरवणुकीत कुठे बसवता येते बघतो म्हणाला. मी म्हटलं, बसव. पुतण्याने अजून उत्तर दिलेलं नाही. दादा म्हणतो, तो माझ्यावर रागावलाय.